मामाजी सापडत नाहीत

पोंभुर्णा,
पोळ्याच्या आधीचा रविवार

आदरणीय पियुषभाऊंना हेमराजचा मनापासून नमस्कार.

खुर्चीत बसून बसून धरलेली तुमची कंबर आता सुटली असेल अशी आशा आहे. (नसेल तर पुढच्या वर्षी धानाची रोपे लावायला, रोवण्याला या. कंबर सुटेल, नाहीतर कायमची राहील.) इकडे सगळे खुशाल. रंजीता, म्हणजे तुमची बहीण आणि माझी मालकीण, तीही मजेत आहे.

पत्रास कारण तुम्ही सुचवलेली ती लायब्ररी (पुस्तकांची नव्हे, कॉम्प्युटरमधली). बचत गटाच्या मोहाच्या लाडवांची आणि बांबूच्या टोपल्यांची वेबसाइट रंजीताने करायला घेतली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चंद्रपूरच्या प्रदर्शनाआधी ती सुरू झाली तरच गटाला तिथे टेबल मिळणार होते आणि बायकांची सगळी भिस्त हिच्यावर. त्यात ऐन रोवणा आला. आमच्याकडे रोवण्याला आजारी माणसालाही शेतात बांधीवर नेऊन बसवतात. पण बाबा मोठ्या मनाने म्हणाले, "सुनबाईचं ते मशीन सुरू होतपर्यंत तिले बोलावू नोका." तुम्ही फोनवर सांगितले होते, की पानांचे तयार साचे त्या लायब्ररीत असतात, ती साइटच्या सांगाड्यात, फ्रेमवर्कमध्ये, बसवायला अर्धा तास पुरे. बाबांना वाटले, सुनबाई दुपारपर्यंत चिखलात उतरेल.

पण भाऊ, जगात नावांचा काय दुष्काळ पडला होता? लायब्ररीचे नाव 'सोमा'! आणि आमचे बाबा सोमाजी. सासऱ्याचे नाव सून कशी घेणार? रंजीता 'इन्स्टॉल' एवढे लिहून थांबायची, पदर सारखा करायची आणि पुढे लिहायची 'मामाजी', सासऱ्याला हाक मारते तसेच. मशीन कशाला ऐकते! स्क्रीनवर लाल अक्षरे उमटली, ती मी मोठ्याने वाचली, "मामाजी नॉट फाउंड." तर बाहेरच्या छपरीतून बाबांचा आवाज, "काऊन बे? मी तं इथीच बसून हावो!"

मग मी स्वतः बसलो. पण बापाला नुसते 'सोमा' म्हणायला माझी तरी जीभ (इथे बोट म्हणा) कशी रेटावी? मी 'सोमाजी' लिहिले. तेही सापडले नाहीत. मशीनला म्हणे एक अक्षर जास्तीचे चालत नाही, मग ते आदराचे का असेना. तुमच्या पुण्याकडचे शिक्षण असेल. (राग मानू नका.)

सगळा रोवणा असा गेला. आम्ही सकाळी बांधीवर जायचो आणि संध्याकाळी आल्यावर मी हळूच विचारायचो, सापडले का मामाजी? ती मान खाली घालून नाही म्हणायची. मला तिची फार कीव यायची. आईने तर दिवसभर वाकून आल्यावरही तिला चहा करून दिला, बिचारी एकटी मशीनशी झुंजते म्हणून.

शेवटची बांधी रोवून झाली त्या दिवशी बाबा पाय न धुताच आत आले आणि मी खरी अडचण सांगून टाकली. ते म्हणाले, "माह्या नावापायी पोरीचं काम अडून राह्यलं? लिव्ह बाई, सोमा लिव्ह. मी सांगून राह्यलो." रंजीताने डोळे मिटून लिहिले. काय सांगू भाऊ! नुसती लायब्ररी बसली नाही, अख्खी साइटच उघडली. लाडू, टोपल्या, बायकांचे फोटो, ऑर्डरचे पान, सगळे जागच्या जागी. एका नावात एवढी ताकद! गटाला टेबल मिळाले, आणि बाबा तेव्हापासून गावभर छाती काढून हिंडतात. मला दोघांचाही फार अभिमान वाटला.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो इन्स्टॉल करावा लागत नाही.

तुमचा
हेमराज

ता. क. पत्र पाकिटात घालायला रंजीताकडे देत आहे. तिच्याजवळ या नावाचा विषय काढू नका, ती अजून लाजते.

ता. क. (रंजीताकडून) दादा, लायब्ररी पहिल्याच दिवशी बसली. हे बांधीवर गेले आणि मी 'सोमा' लिहिले, तू सांगितलेला अर्धा तासही लागला नाही. पण नुसत्या साच्यांनी साइट होते का? तिला सगळे दिवस हवे होते, आणि मागितले असते तर रोवण्यात ते कुणी दिले नसते. म्हणून संध्याकाळी हे यायच्या वेळी तेवढे 'मामाजी' लिहून ठेवायचे. मामाजींनी आत येऊन स्वतःचे नाव घेतले तेव्हा मात्र मला खरेच रडू आले.

आता ऑर्डरी येत आहेत, साइट वाढवायची आहे, आणि दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येईल. तोवर अजून एखादी लायब्ररी शोधून ठेव. सासूबाईंचे नाव कमळा आहे.