खळ चाखणारी भिंगरी

ती. अक्का,

लांबूनच वाकून नमस्कार (जवळ असतो तर आधी कान पिरगळला असतास). गुडघे कसे आहेत? रागाचं विचारत नाही. तीन महिने तू माझा फोन उचलत नाहीस, त्यावरून तो ठणठणीत असावा.

पत्राचं कारण भिंगरीचा रिपोर्ट. नातीला सिलिअ‍ॅक आहे, गहू पोटात गेला की तिचं आतडं खराब होतं आणि रक्तात अँटिबॉडी वाढतात, हे तुला ठाऊक आहेच (आता दूधवाल्यालाही आहे). गहू बंद केला की तो आकडा हळूहळू उतरायला हवा. आधी दोनशेच्या वर होता, सहा महिन्यांत ऐंशीवर आला आणि मग उलटा फिरून शंभर झाला. नेमकी तेव्हाच तू आमच्याकडे होतीस, बिस्किटांचा डबा घेऊन. डबा कुलपात असतो, पोरीला त्यातला कणही दिलेला नाही, असं तू परोपरीनं सांगत होतीस. मी मात्र सगळ्यांदेखत म्हणालो, रक्त खोटं बोलत नाही. (बोलत नव्हतंच. पण त्यानं तुझं नावही घेतलं नव्हतं.) तू बॅग भरलीस आणि मी तुला फाटकापर्यंत सोडायलाही आलो नाही.

पंधरवड्यापूर्वी पुन्हा रक्त तपासलं. तू नाहीस, डबा नाही, आणि आकडा एकशे दहा. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मग घराची झडती सुरू झाली. टोस्टर माळ्यावर गेला, चमच्यांच्या वाटण्या झाल्या, मुलानं तर दात घासायची पेस्टसुद्धा बदलली. मी पाव खाताना सापडलो, तेव्हापासून माझा नाश्ता बाहेरच्या पायरीवर असतो. तिथे कबुतरं माझ्याकडे टक लावून बसतात. एवढं करूनही चोर सापडेना.

शेवटी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हा मोठ्यांना गप्प बसवलं आणि भिंगरीलाच विचारलं, दिवसभर काय काय करतेस गं? शाळा झाली, झोपाळा झाला, आणि मग आमची सात वर्षांची बया ऐटीत म्हणाली, "आजोबांची खळ आंबली का, ते मी चाखून सांगते." मी चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय आणि चाळीस वर्षं खळ मैद्याचीच शिजवतोय. पण मैदा म्हणजे गहू, हे त्या खुर्चीत बसेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. खळ हे माझ्या लेखी खाणं नव्हेच, ते हत्यार. रोज सकाळी एक बोट, म्हणे. पोरीला ही खोड कुठून लागली कोण जाणे.

आता तांदळाच्या पिठाची खळ करतो. जरा रुसून बसते, पण पुठ्ठा धरते. तुझ्यावरचा आळ गेला, तेव्हा झालं गेलं सोड आणि ये.

तुझा धाकटा

ता. क. तीन महिन्यांनी पुन्हा सुई आहे. मागे तू मांडीवर घेतलंस तेव्हा भिंगरी हूं की चूं न करता बसली होती. या खेपेला तिला चौघांनी धरलं. अक्काआजी आल्याशिवाय हात देणार नाही म्हणते.

ता. क. दुसरा. खोड कुठून लागली ते मला ठाऊक आहे. गेल्या आजारपणापासून माझ्या जिभेला आंबट कळत नाही, म्हणून मीच तिचं बोट खळीत बुडवलं. बाईंनी विचारलं, कुणी शिकवलं? तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुणी नाही, माझी मीच." घरात अजून तेच खरं धरलंय. बाबांच्या दाभणाचं टोक मी मोडलं होतं, तेव्हा तूही असंच म्हणाली होतीस आणि माझ्या वाटचा मार खाल्ला होतास. तेव्हाही मी गप्प बसलो होतो. अक्का, मला लाज वाटते. सूनबाईंना सांगायचंय, पण एकट्याच्यानं होत नाही. शेजारी बसायला ये. डबा आणलास तरी चालेल, पायरीवर दोघांपुरती जागा आहे.