कापडी डक्टला बांगड्या

११ मार्च, नांदेड

दुपारी मशीनवर बसल्या बसल्या डुलकी लागली. मांडीवर पांढरं कापड, पायाशी पांढरं कापड, खिडकीतून येणारं ऊनसुद्धा पांढरंच. जागी झाले तर शिलाई सरळ पुढे गेलेली. म्हणजे झोपेतही पाय चालू होता. दि. म्हणाला, "जागी असताना तुझी इतकी सरळ येत नाही."

(दि. म्हणजे दिलीप, माझा नवरा. इथं त्याचं पूर्ण नाव लिहिलं की तो मागे उभा राहून वाचतोय असं वाटतं.)

काम माहेरचं आहे, चाकूरच्या विहाराचं. सभागृहाला पत्र्याचं छत, उन्हाळ्यात आत बसवत नाही. कुणीतरी भलामोठा कूलर दान दिला. त्याची हवा मागच्या रांगेपर्यंत न्यायला डक्ट हवा, आणि पत्र्याचा डक्ट त्या जुन्या छताला जड होतो. दि. कूलर-एक्झॉस्टची कामं करतो. त्यानं लातूरला एका कारखान्यात कापडाचा डक्ट पाहिला होता. पंखा लावला की फुगतो आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून वारा सोडतो. मला म्हणाला, "लांबलचक उशीचा अभ्रा आहे गं. तुला काय अवघड?"

मंडपाची छतं शिवली, कूलरची झाकणं शिवली. वाऱ्याला अभ्रा पहिल्यांदाच.

१९ मार्च, चाकूर

बसवला. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तार, तारेला आकडे, आकड्यांना डक्ट. दि.नं बटण दाबलं आणि फट्ट! सोनकांबळे गुरुजी खुर्चीतून उठून उभेच राहिले. विहाराचं सगळं तेच बघतात. बाबांचे जिवाभावाचे मित्र.

मी खाली सतरंजीवर आडवी झाले आणि वर बघत राहिले. केवढा तो गोल पांढरा लांबोडका जीव. हळू डुलत होता. वाटलं, असंच पडून राहावं, कुणी चहालासुद्धा उठवू नये.

आई आली. बाबा गेल्यापासून विहारात पहिल्यांदा. गुरुजी स्वतः जाऊन घेऊन आले. पांढरी साडी, मोकळे हात. आपल्यात बांगड्या काढायच्या नसतात, हे गुरुजींनी तेव्हाच सांगितलं होतं, बायकांनीही सांगितलं. तिनं कुणाला न विचारता स्वतःच काढल्या. का, तर म्हणाली, "आवाज नकू वाटतो."

बायकांमध्ये बसली. कुणाशी तरी दोन शब्द बोललीसुद्धा. मी मनातल्या मनात नाचत होते.

आणि लाईट गेली.

डक्टमधली हवा निघाली. आधी पोट खाली आलं, मग पाठ बसली. बायकांच्या डोक्यावर नुसतं लांब पांढरं कापड लोंबत राहिलं. बाबांना याच हॉलमध्ये ठेवलं होतं, असंच पांढरं पांघरून.

आई वर बघत होती. "गेलं बघ," म्हणाली, आणि उठून चालायला लागली. चप्पल दारातच राहिली. मी चप्पल हातात घेऊन मागे, आणि ती तापलेल्या रस्त्यावर अनवाणी पुढे.

२० मार्च, चाकूर

सकाळी तिला समजावून पाहिलं.

"आई, लाईट आली की परत फुगतं ते."

"माणूस न्हाई फुगत."

मग बराच वेळ तांदूळ निवडत बसली. त्या तांदळात एक खडा नव्हता. मी निघताना म्हणाली, "मला न्हाई यायचं तिथं पुन्ना. तुम्ही लावा नायतर काढा."

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. दार, अंगण, परत दार. एवढंच तिचं जग झालंय. काल त्यातून बाहेर पडली होती आणि माझ्याच कापडानं तिला परत आत धाडलं. बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत रडले. पदर तोंडावर घेतला होता, कंडक्टरला वाटलं बाई झोपली. तिकिटासाठी दोनदा उठवलं.

२४ मार्च, नांदेड

चाकूरला लाईट जाणारच. ते काही माझ्या हातात नाही. हवा नसतानाही डक्टनं खाली यायचं नाही, एवढं बघायचं.

दि. म्हणतो, आतून गोल कडी घालायची, हातभर अंतरावर एकेक. हवा असो नसो, कापड कड्यांवर ताणलेलं राहील. कड्यासाठी आतून पट्टी शिवायची, कडं तिच्यातून ओवायचं. म्हणजे परकराचा नेफाच की! दि.ला सांगितलं, तर म्हणतो कारखान्यात त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणत होते. म्हणोत बापडे. माझ्यासाठी नेफा.

डक्ट काढून आणलाय. आतून नेफे शिवायला घेतले. त्याच्या पोटात शिरून शिवताना बाहेरचा आवाज येत नाही. रस्ता नाही, ऑटो नाही. आत नुसता पांढरा उजेड. आज त्यात बसून उगाच बाबांशी बोलले. काही खास नाही. काय जेवलात, वगैरे.

२ एप्रिल

कड्यांचा घोळ. आधी बांबूच्या कामट्या वाकवून पाहिल्या, त्या कापडात घुसल्या. मग दि.नं शेतातल्या ठिबकची काळी नळी आणली. सकाळी छान गोल झाली. दुपारी गच्चीवर उन्हात ठेवून बघितलं तर आधी अंडं झालं, मग आणखी लोळलं. दि. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "हा डक्ट नाही. ही पपई आहे." पत्र्याखाली तर याहून तापणार.

आईला फोन. "जेवलीस का?" "हाव." "गुरुजी येऊन गेले का?" "हाव." बस.

७ एप्रिल

स्टीलचंच कडं पाहिजे. बाजारात ते सरदारजी आहेत, स्वतः सळई वाकवून कडी बनवतात. दि.शी जुनी ओळख. दि. बिलोलीला कामावर, म्हणून मीच फोन केला. स्टीलची कडी पाहिजेत, म्हटलं, पिशवीभर.

"माप काय ताई?"

मापाचा कागद दि.च्या खिशात, बिलोलीला. म्हटलं, "सगळ्यात मोठं."

"सगळ्यात मोठं," ते म्हणाले. "हो जाएगा."

१२ एप्रिल

पिशवी आली. उघडली आणि दि.कडे बघायची हिंमत होईना. हातात घालायची कडी! चकचकीत, जाडजूड, पैलवानाच्या मापाची. सगळ्यात मोठं म्हटलं होतं ना, मग सगळ्यात मोठंच पाठवलं त्यांनी. दि.नं एक हातात घातलं, ते घसरत दंडापर्यंत गेलं. तसाच दंड वर करून घरभर फिरला. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. किती दिवसांनी हसलो असे.

लग्न होऊन इथं आले त्याला इतकी वर्षं झाली आणि नांदेडात 'स्टीलचं कडं' म्हटलं की काय समजतात एवढं डोक्यात येऊ नये!

दि.ला वाटलं ही तारेला आकड्यांच्या जागी चालतील. मला नको वाटलं. शिखांसाठी ते नुसतं लोखंड नाही. उद्या परत करायची.

१३ एप्रिल

सरदारजींकडे गेले. उद्या जयंती, बाजारभर निळे झेंडे, दुकानापर्यंत पोचायलाच वेळ लागला. पिशवी पुढे ठेवली आणि खरं काय ते सांगितलं. ते रागावतील वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "मग केवढं पाहिजे?"

मी दोन्ही हात पसरून गोल करून दाखवला.

"अरे बाप रे. एवढ्या मोठ्या हाताचा माणूस कोण हाय, ताई?"

"चाकूरला असतो. छताखाली आडवा झोपलेला."

"मग त्याला बघायला यावं लागतंय."

हसत हसत माप लिहून घेतलं. कडं एका जागी उघडं ठेवतील, म्हणजे नेफ्यातून ओवता येईल, आणि वरून जोडायला छोटी नळी देतील.

परत येताना तो हातच डोक्यात. एवढा मोठा हात, कड्यांनी भरलेला, हॉलभर बायकांवरून आडवा ठेवलेला. दुपारी बाबा झोपायचे तसा. ते झोपले की एक हात शेजारच्यावर टाकायचेच, मग शेजारी आई असो, मी असो की नुसती उशी. गोदावरीच्या पुलावर ऑटो अडकला तरी मला कळलं नाही. ऑटोवाला म्हणाला, "ताई, उतरायचंय का पाण्यात?"

२६ एप्रिल, चाकूर

कडी छान आली. हॉलमध्ये मुलांचं शिबिर चालू आहे म्हणून डक्ट आईच्या अंगणात लिंबाखाली पसरला. आईनं तोंड फिरवलं, आत गेली.

मी आणि दि. कडी ओवायला बसलो. निम्म्यात गेलं की कडं अडकायचं. ओढलं की नेफ्याची शिलाई कुरकुरायची. दोनदा शिलाई उसवली. दि. घामाघूम, मी रडकुंडीला. दोघं एकमेकांवर खेकसलो.

आई दारात कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"असं वढू नगा. फाटंल."

"मग कसं?"

"बांगडी कशी भरत्यात? तशी भरा." आत जाऊन साबणाची वडी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. खाली बसली. कड्याला साबण लावला, ओला हात नेफ्यावरून हलकेच पुढे सरकवत गेली, एका हातानं कापड मागे, दुसऱ्यानं कडं पुढे. आलं की बाहेर! दि.नं वरून नळी चढवली.

"दुसरं द्या," म्हणाली.

मग आम्हाला हातच लावू दिला नाही. सगळी तिनंच भरली. ढिगातून एकेक कडं उचलताना बाकीची खणखण वाजायची. माझं लक्ष तिच्या तोंडाकडे. एकदाही थांबली नाही. दि. काही बोलणार तोच त्याला डोळ्यांनी दटावलं.

संध्याकाळी डक्ट उभ्या अंगणात आडवा पडलेला, हवा नाही, काही नाही, तरी गोल. शेजारची मांजर त्याच्यातून आरपार फिरून आली. आई पदराला हात पुसत म्हणाली, "लई बांगड्या झाल्या की हिला."

मार्चमध्ये 'ते' होतं. आज 'ही' झाली.

४ मे, चाकूर

बसवला. या वेळी बटण दाबलं तर फट्ट नाही. नुसता एक सुस्कारा, मग वारा. बटण बंद केलं, तसाच गोल राहिला. गुरुजींनी स्वतः चालू-बंद, चालू-बंद करून पाहिलं. शेवटी दि.नं त्यांच्या हातातून बटण काढून घेतलं.

आई आली नाही. "बघू," म्हणाली. "बघू" म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे. जत्रेला नेतेस का? बघू.

वाईट वाटलं. फार वाटलं. रिकाम्या हॉलमध्ये डक्टखाली सतरंजीवर बराच वेळ पडून राहिले.

१२ मे, चाकूर, पौर्णिमा

विहार भरलेला. पांढऱ्या साड्यांवर पांढरा डक्ट. मधूनमधून एखादीचा पदर हलायचा. वंदना सुरू झाली आणि मी सहज दाराकडे पाहिलं तर आई. आत नाही, बाहेरही नाही, उंबऱ्यावर. चप्पल हातात धरलेली. लागलीच निघता यावं म्हणून असेल.

मी जागची हलले नाही. हलले तर जाईल असं वाटलं.

खिरीची भांडी आली आणि लाईट गेली. जायचीच होती. पंखे थांबले, कूलर थांबला. मार्चमध्ये होत्या त्या बायकांनी माना वर केल्या, एकदोघी सरकूनही बसल्या.

डक्ट होता तिथंच होता. गोल. कड्यांच्या गोल सावल्या कापडातून दिसत होत्या.

आई वर बघत राहिली. मग शेजारच्या म्हातारीला म्हणाली, मला ऐकू आलं, "निजलीय नुस्ती." आणि चप्पल खाली ठेवली. उंबऱ्यावरून आत आली, अगदी कडेला बसली, आणि खीर घेतली. लाईट येईपर्यंत तिथंच होती. लाईट आली तशी उठली आणि घरी गेली.

म्हणजे आली का? आली असंच म्हणते मी.

दुपारी एस.टी. स्टँडवर सोडायला आली. गर्दीत तिचं मनगट धरलं. केवढंसं झालंय. बस लागली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो तुझा सरदारजी माझ्या मापाचं बनवतो का?"

मला कळेचना आधी काय.

"एकच. एकच असलं की वाजत न्हाई."

कंडक्टरनं बेल मारली. चढता चढता मी 'हो' म्हटलं असेल. लोह्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होते आणि एक गाव दिसलं नाही.

१५ मे, नांदेड

सरदारजींकडे. म्हटलं, आईसाठी एक कडं. ते हसले. "ह्या वेळी माप आणलं का, ताई?"

नाही आणलं! पुन्हा तेच.

अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. स्टँडवर तिचं मनगट धरलं होतं तेवढा. एवढं, म्हटलं. मग वाटलं, नाही, हात आत जायला याहून मोठं लागेल. थोडं उघडलं. मग वाटलं, हे आत्ताचं आहे की लहानपणी धरायचे तेव्हाचं? बोटं तशीच धरून उभी राहिले. त्यांनी माझ्या बोटांच्या आत एक कडं बसवून पाहिलं, मग दुसरं. म्हणाले, "दोन्ही घेऊन जा. एक बसेल. दुसरं परत आणा."

दोन्ही घेतली. घरी येईपर्यंत पर्समध्ये एकमेकांवर वाजत होती. ऑटोत शेजारच्या बाईनं दोनदा वळून पाहिलं.

घरी आल्यावर डक्टच्या कापडाची चिंधी काढली, म्हटलं एकाला गुंडाळून ठेवू, वाजायचं नाही. गुंडाळायला घेतलं आणि थांबले. राहू दे. वाजू देत चाकूरपर्यंत.

रविवारी जाते. साबण तिच्याकडे आहेच. हात पुढे करते का, बघू.