जुनी डिस्क काढू नये

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण आठवी, काम संगणक दुरुस्तीचे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. धास्ती आहे, पण डॉक्टर म्हणाले, धास्ती म्हणजे वेड नव्हे. उद्या माझे एक मूत्रपिंड काढून दादाला बसवणार आहेत. धोका अगदी थोडा, असे सगळे सांगतात. थोडा म्हणजे आहेच, म्हणून लिहून ठेवतो.

कलम एक, मूत्रपिंड. वकीलकाका म्हणाले, "अरे, ते यात येत नाही, ते तू जिवंतपणीच देतोयस." तरी लिहितो. माझे काही बरेवाईट झाले, तर दादाने "माझ्यामुळे गेला" असे एकदाही म्हणायचे नाही.

कलम दोन. बँकेतली शिल्लक आईची. पेचकसांचा संच दुकानात माझ्या शेजारी बसणाऱ्या सोबत्याला. त्यातला चुंबकी टोकाचा त्याने आधीच नेला आहे, तो आता उजळ माथ्याने वापरावा.

कलम तीन. मामांना जुना सीडी ड्राइव्ह. त्याचे तोंड उघडते, मिटत नाही. दादाच्या लग्नात मामा चारचौघांत म्हणाले होते, "धाकट्याचं डोकं चालत नाही." राग नाही. ड्राइव्ह मात्र त्यांनीच घ्यावा.

कलम चार, बाबांचा संगणक. बाबा गेल्यावर दादा त्याला 'डबडं' म्हणू लागला. खोटे नव्हते, सुरू केला की चहा पिऊन झाला तरी पडदा काळाच. गेल्या महिन्यात मी तो उघडला, धूळ काढली, नवी रॅम आणि नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली. दादा डायलिसिसहून येऊन खाटेवर पडला होता. तेव्हा तो माझे मूत्रपिंड घ्यायला तयार नव्हता. "धाकट्याला कापून मी जगू? जमणार नाही," एवढे एकच पालुपद.

बटण दाबले, तर नुसते पीं पीं.

"रडतंय रे तुझं डबडं," दादा म्हणाला.

"रॅम नीट बसली नाही. खटका ऐकू आला नव्हता."

"मग दाब की! भित्रा कुठला. मोडत नाही ते."

वायर काढून रॅम पुन्हा दाबली. खटका झाला. पडदा उजळला. एसएसडीवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली आणि पाहतो तर तिने बाबांची जुनी डिस्क आपणहून ओळखली होती. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेले नाही, कोणी ओळख करून दिलेली नाही. उघडली, तर बाबांनी काढलेले फोटो जसेच्या तसे. एकात दादा मला खांद्यावर घेऊन उभा आहे.

दादा उठून बसला. "जुनी काढली नाहीस?"

"कशाला काढू? आत जागा आहे. हळू चालते, पण तिच्यात बाबा आहेत."

तो पडद्याजवळ सरकला. "डॉक्टरपण तेच म्हणत होते. माझी जुनी मूत्रपिंडं आतच ठेवणार, नवं खाली, पुढच्या बाजूला बसवणार." त्याने हात पुढे केला. मग म्हणाला, "आण तो संमतीचा कागद. कुठे सही करायची?"

हे काम मी रोज करतो. तरी एका यंत्राचा भाग दुसऱ्यात जाऊन जागा होतो, तेव्हा दर वेळी हात जोडावेसे वाटतात. माणसात तर खटकाही होत नाही म्हणे. रक्त पोचले की मूत्रपिंड गुलाबी होते आणि कामाला लागते. कोणी सांगावे लागत नाही.

म्हणून संगणक दादाचा. विकू नये, भंगारात देऊ नये, जुनी डिस्क काढू नये. त्याच्या नावाचे खाते तयार आहे. पासवर्ड ठेवलेला नाही. तो त्याने घरी येऊन स्वतः घालावा.

सही: धाकटा
स्थळ: घरची पुढची खोली
दिनांक: भरती होण्याच्या दिवशी, सकाळी

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका (म्हणाले, "अक्षर मोत्यासारखं, पण लिहिलंस काय हे!"), समोरच्या शाळेतल्या बाई.

दादालाही सही करायची होती. ज्याला मिळणार त्याने साक्षीला राहू नये, असे वकीलकाकांनी बजावले. तरी त्याने खाली लिहिलेच. कायद्यात बसत नाही, पण मी खोडलेले नाही:

"पासवर्ड तूच घाल. मला ते जमत नाही. परत ये."