फ्रेममधले सात संकल्प

नागपूर,
शुक्रवार, १९ जानेवारी १९७३

आदरणीय सिंधूआत्या यांना प्रेमिलाचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? बाबांनी पाठवलेले तेल गुडघ्यालाच लावता ना? मागच्या वेळी तुम्ही ते शेळीच्या पायाला लावले आणि शेळी बरी झाली, असे कळले. शेळीला बरे वाटले याचा आनंदच आहे, पण तेल गुडघ्याचे होते. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. 'मजेत' लिहिले असते तर खोटे झाले असते. (गुरुजी, हे पत्र आत्याला वाचून दाखवण्याचे कष्ट तुम्ही घेता, तुम्हालाही नमस्कार. तुमच्या ओसरीवर आत्याबरोबर अर्धे गाव पत्र ऐकायला बसते, हे मला माहीत आहे. म्हणून जिथे मी 'हळू' असे लिहीन तिथे कृपा करून आवाज खाली घ्यावा.)

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिले होते की माझे टायपिंगच्या परीक्षेचे सर्टिफिकेट आले आणि बाबांनी ते फ्रेम करून बैठकीत लावले. त्यातले बाबा, फ्रेम आणि बैठक बरोबर आहेत. सर्टिफिकेट चूक आहे. ते वाक्य मी लिहिले तेव्हा बाबा शेजारी बसून सांगत होते, म्हणजे हात माझा असला तरी तोंड त्यांचे होते. तरी सही माझी होती, म्हणून चूकही माझीच. (हळू.) आत्या, मी टायपिंगच्या परीक्षेत नापास झाले आहे.

कशी झाले तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की अभ्यास केला नाही. परीक्षेत जो उतारा दिला होता त्यात एकच गोष्ट दोनदा, दोन वेगवेगळ्या तारखांनी दिली होती. कालवा वरच्या ओळीत मार्चमध्ये सुरू झाला होता आणि खालच्या ओळीत जूनमध्ये. आता चुकीची तारीख डोळ्यांनी पाहून हाताने पुढे कशी ढकलायची? मी थांबले. हात वर केला. परीक्षक दुसऱ्या टोकाला होते. ते येईपर्यंत मी कालव्याचा विचार करत बसले. ते आले आणि म्हणाले, बाई, तुम्हाला कालवा खणायचा नाही, टाईप करायचा आहे. तोवर वेळ संपली. डिसेंबरमध्ये निकाल लागला. बाबांनी विचारले, सर्टिफिकेट कधी येईल? मी म्हणाले, येईल. 'आले' म्हणाले नाही. कधीतरी येईलच, असे मनात धरून म्हणाले. पण त्या एका 'येईल'ने मला तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

एक जानेवारीला आमच्या टायपिंगच्या मार्तंड सरांनी वर्गाला सांगितले की नवीन वर्षाचे संकल्प करा, पण ढोबळ करू नका. चांगली मुलगी होईन, असा संकल्प करणारी मुलगी फेब्रुवारीत आहे तशीच असते. काय करणार, किती करणार, कोणत्या तारखेपर्यंत करणार, ते टाईप करा. सरावासाठी सर जुने लेटरहेड देतात, ज्यांवर इन्स्टिट्यूटचा पत्ता चुकीचा छापला गेला आहे. (मी पत्ता पेनाने दुरुस्त केला.) त्यावर मी सात संकल्प टाईप केले, नंबर घालून, एकही चूक न करता. सरांनी खाली सही केली आणि इन्स्टिट्यूटचा जांभळा गोल शिक्का मारला. त्यांचे मत असे की शिक्का नसलेला संकल्प माणूस मोडतो.

आत्या, तुम्ही तुमच्या भावाला ओळखता. बाबांना अक्षर येत नाही, पण सरकारी कागद कोणता आणि रद्दी कोणती, हे त्यांनी आयुष्यभर एकाच खुणेने ओळखले आहे. गोल शिक्का. रेशनकार्डावर तो आहे, माझ्या मॅट्रिकच्या कागदावर तो आहे. दोन तारखेला त्यांना माझ्या वहीत वर छापील नाव, खाली सही आणि गोल शिक्का असलेला कागद सापडला. त्यांनी मला विचारलेदेखील नाही. गिरणीतून येताना जरीपटक्याच्या बाजारातून ते कागदाला सोनेरी पट्टीची फ्रेम घालूनच आले. फ्रेमवाल्या सिंधी काकांना मराठी वाचता येत नाही, नाहीतर तिथेच काही झाले असते. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा बाबा खिळा ठोकत होते. आमची भिंत कशी आहे हे तुम्हाला माहीत आहे. तीन खिळे वाकले, चौथा बसला. बाबासाहेबांच्या फोटोच्या शेजारी माझे सात संकल्प लागले. बाबांनी घाम पुसला आणि म्हणाले, "आता आली भिंतीले शोभा." त्यानंतर मी काय बोलणार होते, ते तुम्हीच सांगा.

तेव्हापासून घरी जो येतो तो चहा पितो आणि भिंत वाचतो. पहिले आले शेजारचे मनोहरराव, जे पोस्टात आहेत. त्यांनी वरून खालपर्यंत शांतपणे वाचले, सातव्या ओळीवर खोकले, आणि बाबांना म्हणाले की फारच चांगला कागद आहे. माणूस भला आहे, पण पहिला संकल्प पहाटे पाचला उठण्याचा असल्यामुळे आता ते रोज पाचला आमच्या मधल्या भिंतीवर तीनदा बुक्की मारतात. आईला वाटते, त्यांच्याकडे उंदीर झाले.

मग समोरच्या कांताबाई त्यांच्या सुनेला, जयाला, घेऊन आल्या. कांताबाईंना वाचता येत नाही, जयाला येते, आणि ती त्याचा उपयोग करते. सासूने विचारले, का लिहिलं आहे वं? तिने नेमका चौथा नंबर मोठ्याने वाचला: 'कांताबाईंच्या कढीची खोटी स्तुती यापुढे करणार नाही.' कांताबाई माझ्याकडे वळल्या. "काहून वं प्रेमिला, माह्या कढीत का खोट आहे?" आता संकल्प मोडायचा की शेजार? मी म्हणाले, आंबट असते. बाबा म्हणाले, "सर्टिफिकेटात कढी बी येते का?" जया म्हणाली, हो, नवीन अभ्यासक्रम आहे. मग ती सातव्या ओळीवर आली, थांबली, माझ्याकडे पाहून सासूला घेऊन निघून गेली. तेवढा तिचा उपकार.

पण तिसरा संकल्प तिने नळावर सांगितलाच. 'घाई असणाऱ्याला नळावर माझा नंबर देईन, आठवड्यातून दोनदा.' आठवड्यातून दोनदा हे तिने सांगितले नाही. आता वस्तीत सगळ्यांनाच घाई असते. काल गोपिकाबाईंनी माझ्यापुढे सहा घागरी लावल्या आणि वर म्हणाल्या, तुह्या भिंतीवरच लिहिलं आहे ना. मी सकाळी सहाला जाते आणि नऊला एक घागर घेऊन येते. पाचवा संकल्प नखे न खाण्याचा होता. त्याबद्दल न लिहिलेले बरे.

आता सातवा. (हळू, गुरुजी, अगदी हळू.) त्यात लिहिले आहे: 'परीक्षेत नापास झाले हे बाबांना स्वतः सांगेन. मुदत १५ जानेवारी.' म्हणजे वस्तीतल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला ते माहीत आहे, आणि ज्यांना सांगायचे ते रोज त्याच ओळीखाली बसून जेवतात. पंधरा तारखेला मी सांगायला गेले. "बाबा" एवढे म्हणाले, आणि तेच आनंदाने म्हणाले की गिरणीच्या ऑफिसात टायपिस्टची जागा निघाली आहे, बडे बाबूंनी सोमवारी एकोणतीस तारखेला सर्टिफिकेट घेऊन बोलावले आहे. बाबा फ्रेमसकट नेणार आहेत. फ्रेम गुंडाळायला त्यांनी आईचे जुने लुगडे धुऊनही ठेवले आहे. बडे बाबू ते चार लोकांसमोर वाचतील, आणि ज्या माणसाने वीस वर्षे त्या ऑफिसच्या दाराबाहेर उभे राहून अंगठा दिला, त्याला दाराच्या आत माझ्यामुळे मान खाली घालावी लागेल. जागा मिळाली नाही तरी चालेल. हे चालणार नाही.

थोरांना जयभीम, शेळीला चारा.

तुमची भाची,
प्रेमिला

ता. क. – सहावा संकल्प आत्याला महिन्यातून एक पत्र लिहिण्याचा होता. मागचे बाबांच्या तोंडचे होते, ते धरत नाही; हे जानेवारीचे. एवढा एकच मुदतीत झाला.

ता. क. दुसरा – खरे म्हणजे हे पत्र त्यासाठी लिहिलेले नाही. आत्या, तुम्ही शनिवारी सत्तावीसला दुपारच्या बसने इकडे या. गुडघा दाखवायला आले असे म्हणा. (गुडघा दुखतोच, म्हणजे खोटे नाही.) मी सांगेन तेव्हा तुम्ही फक्त खाटेवर बसून राहा. जगात बाबांना 'देव्या' म्हणणारे तुमच्याशिवाय कोणी नाही, आणि तुम्ही समोर असलात की ते ओरडत नाहीत.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात बाबा फ्रेम पुसता पुसता म्हणाले, "प्रेमिला, सात नंबरले का आहे वं? मनोहरराव तिथं खोकलते. जया तिथून तुह्याकडे पाहते. बडे बाबू बी तिथंच थांबन का?" त्यांना अक्षरे येत नाहीत, पण गिरणीच्या बिल्ल्यामुळे आकडे येतात, हे मी विसरलेच होते. मी म्हणाले, थांबतील. ते म्हणाले, वाईट आहे का? मी म्हणाले, हो. त्यांनी काच परत एकदा पुसली. "जे असन ते असन. फ्रेम ऑफिसात न्याची का नाही ते मंग पाहू, पर भिंतीवरून निघणार नाही. खिळा मोठ्या मुश्किलीनं बसला आहे. कधी सांगशीन?" तारीख मी सांगितली. त्यांनी चुलीतला कोळसा आणून फ्रेमखाली भिंतीवर आकडा लिहून ठेवला, आता मागे सरता येत नाही. तरी तुम्ही याच. रविवार, २८ जानेवारी, सकाळी साडेआठ, चहा झाल्यावर.