एवढी एकच खेप

सेबू, ८ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. एंकार्नाताईस, धाकट्या लोर्नाचा सा. न. वि. वि.

ताई, आपल्या चटईच्या पिशव्या संपल्या! प्रदर्शनात दुसऱ्याच दुपारी टेबल रिकामं. शिंपीणच व्हायचं होतं तर फॅशनचं कॉलेज कशाला, असं म्हणणाऱ्या आईला हे मोठ्याने वाचून दाखव.

इथल्या एका दुकानाला ईस्टरआधी आणखी पिशव्या हव्यात. पट्टे, अस्तर, शिवण माझं; पण चटई तुझ्याच हातची हवी. दुसरीची वीण लावली तर मालकीणबाईंनी लगेच ओळखली. तुला आठवा लागलाय, मागायला जीभ रेटत नाही, तरी मागते. एवढी एकच खेप. मग तुला गवताची काडीही उचलू देणार नाही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
लोर्ना

बासे, १७ फेब्रुवारी

चि. लोर्नास अनेक आशीर्वाद.

मागायला लाजलीस म्हणे! माझ्या ताटातला गोड भात पळवताना कधी लाजली नाहीस. विणते गं. बायकांच्या नेहमीच्या विणायच्या गुहेत बसते, तिथल्या गारव्यात गवत तुटत नाही. पोट मध्ये येतं, म्हणून एका कुशीवर वाकून विणते. आई रोज येऊन करवादते, की धाकटीला पिशव्यांचं वेड आणि थोरलीला धाकटीचं. बाळ आतून लाथा मारतं. तुझा दाजी तोन्यो म्हणतो, आपल्या घरात आणखी एक विणकर येतोय. बापाला मासे धरता येत नाहीत ते त्यालाही कळलंय बहुतेक!

आहेस तशीच लाडकी राहा.
तुझी ताई

बासे, ११ मार्च

चि. लोर्नास आशीर्वाद.

मन घट्ट करून वाच. परवा एंकार्नाला मुलगा झाला. रडला नाही. नाळ गळ्याभोवती आवळली होती. डॉक्टर म्हणाले, विणण्याशी याचा संबंध नाही. मी तिला परत परत सांगते. ती भिंतीकडे तोंड करून ऐकते. तुझ्यासाठी विणलेल्या चटईचा तुकडा तिने मागून घेतला आणि बाळाला त्यात गुंडाळून तोन्योच्या हाती दिलं. बाकीचं विणकाम पुरं करून द्यायला शेजारणी आल्या होत्या. मी नको म्हटलं.

दोन घास खात जा.
आई

सेबू, १६ मार्च

ताई,

पिशव्या देता येणार नाहीत, असं दुकानाला कळवलं. मालकीणबाई बोलायचं ते बोलल्या. घरी येऊन शिवलेल्या पिशव्या उसवत बसले, दुसरं काही सुचेना. आई लिहिते, कुणाचा दोष नाही. तू म्हणालीस तरच मला पटेल. बोटीने येऊ का? तुझ्या पायाशी नुसती बसेन.

लोर्ना

बासे, २४ मार्च

चि. लोर्ना,

तुझा दोष नाही. घे, लिहिलं. डॉक्टर सांगतात ते मला समजतं. पण त्या दिवशी विणता विणता बाळ गप्प झालं, आणि मी म्हटलं, एवढी ओळ संपवून उठते. मन अजून तिथेच बसलंय, आणि तिथे मला तू दिसतेस. काय करू? अंगावर दूध येतं, आई कापड घट्ट बांधते.

धंदा मोडू नकोस. इथल्या विणणाऱ्या बायका कामासाठी तुझ्या निरोपाची वाट पाहतात. मला मात्र त्यातलं काही सांगू नकोस.

तू ये. पण आईकडे उतर. माझ्या दारात मी बोलावीन तेव्हाच ये.

माया आटलेली नाही, फक्त हाताला लागत नाहीये.
तुझी ताई