रिकाम्या स्वयंपाकघराचे तुकडे

वूपरटाल,
८ नोव्हेंबर १९९८

प्रिय एकहार्ट,

तू आणि ट्राउडल मजेत असाल. मी बरी आहे. थंडी पडली की गुडघा कुरकुरतो, पण तो आपल्या घराण्याचाच गुडघा आहे, त्याचं काय सांगायचं. खालच्या मजल्यावरच्या पोरांनी संत मार्टिनच्या मिरवणुकीसाठी कागदी कंदील करायला घेतलेत, त्यामुळे जिन्यात खळीचा वास सुटलाय. अक्षर जरा मोठं काढलंय. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काही नाही.

तुझं कार्ड मिळालं. ‘आता प्रदर्शनं बघायची हौस राहिली नाही. शुभेच्छा. ए.’ इतक्या वर्षांत नाताळच्या कार्डाशिवाय पहिल्यांदाच मी तुला काही पाठवलं, चांगलं छापील आमंत्रण, आणि तू ते एका ओळीत वाटेला लावलंस. मी ते कार्ड फाडून टाकलं. मग पुढे राग गेला. का गेला ते सांगते, पण आधी प्रदर्शनाचं ऐक.

इथल्या संग्रहालयात आईची ती टेप लावली आहे. हो, तीच.

तुला त्या दिवसाची गंमत कधी नीट सांगितलीच नाही. मी ड्यूसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकत होते आणि अकादमीने नवा व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. खांद्याला अडकवायचं त्याचं यंत्र इतकं जड होतं की मी एका अंगाला कलून चालायचे. ते मी उसनं आणून आईच्या स्वयंपाकघरात लावलं, तिच्या पाठीमागे. समोर शेगडीशेजारी टीव्ही ठेवला आणि कॅमेऱ्याला जोडला. आई बटाटे किसून धिरडी करत होती. मान वर करून बघते तो टीव्हीत एक बाई पाठमोरी उभी.

“ही कोण गं म्हातारी?”

“तूच आहेस.”

“मी? एवढं पोक आलंय मला? आणि इतक्या वर्षांत कुणी बोललं नाही मेलं!”

ती ताठ झाली. टीव्हीतली बाईही ताठ झाली. मग आई मुद्दाम वाकली, पुन्हा ताठ झाली, आणि इतकी हसली की पहिलं धिरडं करपलं. एकहार्ट, तुमची सिनेमाची फिल्म धुवायला जाते, आठवड्याने परत येते, मग आपण बघतो. आईने स्वतःला तिथल्या तिथे पाहिलं, हातात किसणी असताना. थोड्या वेळाने ती टीव्हीला विसरली आणि आपल्या कामाला लागली. मला हवं होतं ते हेच.

नंतर एल्बरफेल्डच्या बंद पडलेल्या टोप्यांच्या दुकानात मी ती टेप लावली तेव्हा तू खास म्यूनिचहून आलास. वरून रुळाला टांगलेली आपली झुलती रेल्वेगाडी गेली की दुकानाची काच थरथरायची. टीव्ही जमिनीवर होता. तू दारातच थबकलास.

“खुर्च्या कुठायत?”

“नाहीत.”

“बरं, सुरुवात किती वाजता?”

“झालीये. चालूच असतं ते.”

“रोझवीता, त्या बटाट्यांचा कीस होईपर्यंत माणसं घरी जाऊन आपले बटाटे किसून येतील.”

“येऊ देत की. आई इथेच असेल.”

तू हसलास, पण तुला ते आवडलं नव्हतं. कात्री लाव, कात्री लाव, एवढंच तू संध्याकाळभर म्हणत राहिलास. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. तुझ्या सिनेमांवर माझा राग कधीच नव्हता. डोंगरावरची ती प्रेमं, दोन लग्नं आणि मध्ये एक हिमवादळ, मी आणि आई पहिल्या आठवड्यातच जाऊन यायचो. पडद्यावर ‘संकलन’ आणि त्याखाली तुझं नाव आलं की आई पुढच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर थाप मारून सांगायची, “माझा मुलगा!” थिएटरात दिवे मालवतात, माणूस स्वतःला विसरतो, आणि नको तो वेळ तू त्याच्यासाठी कापून टाकतोस. माझ्या कामात कुणाचा वेळ वाचत नाही. टीव्ही खोलीतच असतो, तूही खोलीतच असतोस, पाय दुखतात, आणि आईला धिरडं उलटायला जितका वेळ लागतो तितकाच तुलाही काढावा लागतो. एवढाच फरक आहे. तुला तो पटला नाही, मला तो सोडवला नाही.

मग आई गेली.

दफनानंतर घरी कॉफी होती. तू सगळ्यांना टीव्हीपुढे बसवलंस. मला न सांगता ती टेप तू ठाकठीक केली होतीस. मला चकित करायचं होतं तुला, हे मी तेव्हाही ओळखलं होतं. फिल्मवर करतोस तशा पेन्सिलीने खुणा केल्यास, पात्याने कापलंस, चिकटपट्टीने जोडलंस. पण फिल्म उजेडात धरली की चित्र दिसतं. टेप दोन्ही बाजूंनी नुसती तपकिरी. तुझ्या प्रत्येक सांध्याला चित्र कोसळलं. आईचं डोकं घसरत खाली गेलं, वरून तिच्याच चपला आल्या, मग नुसते पट्टे. लोटेमावशीने कप खाली ठेवला. यंत्र करकरलं आणि बंद पडलं. तू उठलास आणि म्हणालास, “मी तिला माणसांत आणत होतो. तू तिचं फर्निचर केलं होतंस.” कोट घेतलास आणि गेलास. जिन्यात तू रडत होतास, असं मावशीने मला नंतर सांगितलं.

तू कापून टाकलेले तुकडे केराच्या टोपलीत होते. ते मी उचलले आणि बिस्किटांच्या डब्यात भरले. कशासाठी, तेव्हा मलाही कळत नव्हतं.

कोलोनला एक बाई जुन्या टेपा वाचवतात. इतक्या वर्षांनी टेप चिकट होते, यंत्रात घातली की सोलून निघते. म्हणून त्या बाई टेप आधी मंद आचेवर भाजतात. थट्टा नाही, खरंच भट्टीत ठेवतात. मग ती एकदा-दोनदा चालते, तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. आई असती तर म्हणाली असती, आधी भट्टी पुसून घ्या.

प्रदर्शनात तू जोडलेलीच टेप लावली आहे, तुझ्या सांध्यांसकट. संग्रहालयातली तरुण मंडळी नेमकी त्या कोसळण्यावरच खूश आहेत. हे कुणी कापलं, असं त्यांनी विचारलं. भिंतीवरच्या पाटीवर आता माझ्या नावाखाली तुझं नाव आहे. परवा उद्घाटनाला मी तिथे उभी होते आणि आईसारखी कुणाच्या तरी खांद्यावर थाप मारावी असं फार वाटलं.

आता राग का गेला ते. ट्राउडलचा फोन आला होता.

तिच्यावर चिडू नकोस. आत्ता ती तुला हे वाचून दाखवता दाखवता इथे थांबली असेल. ट्राउडल, वाच गं पुढे. एकहार्ट, मला कळलंय. समोरच्याचा चेहराच नेमका दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं, आणि तेही हळूहळू कमी होतंय. तू खिडकीकडे तोंड करून बसतोस. रोझवीताला कळता कामा नये, असं तू तिला बजावलंस. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलेला नाही. तुला थोडं तरी स्वतः वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं.

मी फोन ठेवला आणि खूप रडले. जो माणूस आयुष्यभर डोळ्यांवर जगला त्याच्याच वाट्याला हे यावं. आणि मी इथे बसून एका ओळीच्या कार्डाचा राग धरते. मला माझा भाऊ हवा आहे, एवढंच आहे.

त्या रात्री डब्यातले तुकडे आठवले. तेही कोलोनच्या बाईंनी भाजून दिले, आणि गेल्या आठवड्यात मी ते पाहिले. तू नेमकी कुठली जागा कापली होतीस, ठाऊक आहे? आई कोठीत गेलेली आहे. समोर टेबल, शेगडी, टीव्हीत तेच टेबल, तीच शेगडी. माणूस नाही. कुठलाही संकलक हेच फेकेल. पण तुमच्या सिनेमात चित्र वेगळं असतं आणि आवाज वेगळा, मागाहून जोडतात. इथे दोन्ही एकाच फितीवर. तू रिकामी जागा कापलीस तेव्हा कोठीतून बोलणारी आईही कापली गेली.

फार काही बोलत नाही ती. स्टूल ओढते. झाकणं उघडते. “कुठे गेला तो सफरचंदाचा मुरंबा? संपवला असणार एकहार्टने. परवा आला तो आधी कोठीतच शिरला, आईला काय, नंतर भेटू.” मग बराच वेळ नुसती भांडी. मग, “नाही गं, आहे. ठेवलाय बिचाऱ्याने थोडा.” आणि खोकते, आणि काहीतरी गुणगुणते.

शुक्रवारच्या सकाळच्या गाडीने मी म्यूनिचला येते आहे. नक्कल आणि लागेल ते सगळं सोबत आणते. तुझं ‘नाही’ मी ऐकणार नाही, तेव्हा उत्तर लिहू नकोस. ट्राउडलला सांगून टीव्ही तेवढा बैठकीतून उचलून स्वयंपाकघरात ठेव.

त्या तुकड्यांत बघण्यासारखं काही नाही, तुझं म्हणणं बरोबरच होतं. आई त्यात मलाही दिसत नाही. आपण दोघं बसू, आणि ती कोठीतून बाहेर येईपर्यंत थांबू.

तुझी,
रोझवीता