न उतरणारी भूक

यानागावा, २८ सप्टेंबर

चि. शिगेकीस,
अ. उ. आ.

आईच्या वर्षश्राद्धाला तुमच्याकडे आले, ते शेवटचंच समज. मिहोकोने तुला सांगितलं असेलच. सगळ्यांसमोर वाटीभर भात खाऊन मी पोट भरल्याचं सांगत उठले, आणि स्वयंपाकघरात जाऊन आईच्या नैवेद्याचे ओहागी उभ्यानेच तोंडात कोंबू लागले. तेवढ्यात तुझ्या बायकोने, मिहोकोनेच, दार उघडलं. हसली असती तर परवडलं असतं रे. तिने माफी मागून दार हळूच लोटून घेतलं. साठीला आलेली बाई मी, गोड भाताच्या गोळ्यांपायी आईच्या दारात चोर ठरले. आमच्या ह्यांना यातलं काही कळवू नकोस.

आहे ती माया आटू देऊ नकोस.
तोमिए

फुकुओका, ४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मिहोको याबद्दल मला एक शब्दही बोललेली नाही. तुझ्या पत्रानेच कळलं, आणि मीच ओशाळलो. दिवसभर उंदरांच्या भुकेचा अभ्यास करतो, सख्ख्या बहिणीची मात्र दिसली नाही.

पोट रिकामं झालं की त्यातून एक संप्रेरक निघतं आणि मेंदूला जेवायला सांगतं. जेवल्यावर ते उतरायला हवं. काहींचं नीट उतरत नाही. त्याला अडवणाऱ्या इंजेक्शनची आम्ही चाचणी घेतोय. गुण येईलच असं नाही, पण ये. माझे उंदीर तरी तुझ्याइतके हट्टी नाहीत.

रागावलीस तरी लिहीत राहा.
शिगेकी

यानागावा, २० नोव्हेंबर

चि. शिगेकीस,
अ. उ. आ.

उंदीर झाले एकदाची. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी जेवणाआधी आणि नंतर रक्त घेतलं. त्या संप्रेरकाच्या आलेखात इतरांची रेघ जेवल्यावर खाली येते, माझी जवळजवळ तिथेच; म्हणजे तो नुसता हावरटपणा नव्हता. ती बघून मला रडूच फुटलं. त्या बिचाऱ्या घाबरल्या, सुई दुखली का विचारत होत्या. आता इंजेक्शनं चालू आहेत. औषध आहे की नुसतं मिठाचं पाणी, ते त्यांनाही ठाऊक नाही म्हणे.

मिहोकोला आशीर्वाद. तिला तोंड दाखवायचं धैर्य अजून नाही.
तोमिए

फुकुओका, ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चाचणी बंद झाली. औषध घेतलेल्यांत आणि मिठाचं पाणी घेतलेल्यांत काहीच फरक नाही. भुकेची एक हाक दाबली की शरीर दुसरीकडून हाका मारतं. तुला उगाच आशेला लावलं. कोणत्या तोंडाने तुझ्याकडे येऊ?

शिगेकी

यानागावा, १५ जून

चि. शिगेकीस,
अ. उ. आ.

वेडा आहेस. वजन तिळभर उतरलं नाही हे मला तुझ्याआधी कळलं होतं. कमरेचा पट्टा रोज सांगतोच.

काल जेवताना मात्र धीर करून ह्यांना म्हटलं, की माझी भूक अजून भागलेली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. कान इतके तापले, की मान वर करवेना. ह्यांनी टीव्हीवरची नजरही हलवली नाही. आपल्या ताटलीतला अर्धा मासा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, कधी बोलतेस त्याचीच वाट बघत होतो.

मी बसूनच खाल्ला.
तोमिए